बाबांनी घातलेला बर्फ

आमच्याकडे लग्नाला वर्षं उलटली आणि पाळणा हलला नाही, की आधी बाईला तपासायला नेतात. माझ्या बायकोलाही नेली. डहाणू रोडला, पालघरला, शेवटी वापीला. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळ्यांत औषध सोडून फोटो काढून झाले. त्या फोटोच्या दिवशी परत येताना ती खिडकीला डोकं टेकून बसली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गंजाडच्या शाळेत पोरांकडून पाढे म्हणून घ्यायला हजर. माझ्यात काही कमी असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. धडधाकट माणूस, तलासरीला सरकारी कचेरीत कारकून, रोज मोटारसायकलने जातो-येतो, बोंबील-भाकरी हाणतो. याला काय धाड भरलीय! मीही तसंच धरून चाललो होतो. डाव्या बाजूला खाली कधीकधी जड-जड वाटायचं, त्याचं खापर मी मोटारसायकलच्या सीटवर फोडायचो.

वापीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्याकडे बोट केलं. "आता साहेबांना पण बघून घेऊया," म्हणाले. पडद्यामागे नेलं, उभं केलं आणि जोरात खोकायला सांगितलं. मी खोकलो. इतकं लाजत आजवर कुणी खोकलं नसेल.

"व्हेरिकोसील," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. म्हणजे अंडकोशाच्या शिरा फुगलेल्या. शिरांमधल्या झडपा ढिल्या पडल्या की रक्त वर जायचं सोडून खालीच साठतं आणि तिथली उष्णता वाढते. ती जागा अंगापेक्षा जरा गारच लागते, निसर्गाने म्हणून तर ती बाहेर ठेवलीय. उष्णता वाढली की शुक्राणूंवर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस येतो. मी नुसता बघत राहिलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "डहाणूचे ना तुम्ही? चिकू चिरून ठेवला की काळा पडतो की नाही? हवेने पडतो. बस, तसंच आहे. आत एक प्रकारचा ऑक्सिजन जादा होतो आणि शुक्राणूंचं कातडं खातो. शेपटी हलेनाशी होते."

डहाणूच्या माणसाला काहीही समजवायचं असलं की लोकांना चिकू आठवतो! अहो, आम्ही आगर गावची मासेवाली माणसं, चिकूशी आमचा संबंध कुणी टोपलीभर दिले तर. पण समजलं मात्र लगेच.

तिथल्याच एका खोलीत नमुना दिला. शुक्राणू कमी निघाले, आणि होते त्यातलेही बरेचसे पडून. डॉक्टर म्हणाले, छोटं ऑपरेशन आहे, शिरा बांधून टाकू. नवीन बीज तयार व्हायला तीनेक महिने लागतात, मग पुन्हा तपासू. पुष्कळांना फरक पडतो, सगळ्यांना पडतोच असं नाही. आणि शेवटी त्यांचं ते नेहमीचं, "टेन्शन नहीं लेवानुं, भाई."

परतीच्या बसमध्ये तलासरी येईपर्यंत बायको तिकिटाच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "ऑपरेशन करून घ्या. पण एक सांगून ठेवते. त्यानंतरची तपासणी चांगली आली नाही तर बास. मी आता कुठल्याच टेबलावर झोपायची नाही. चाळिशी समोर दिसतेय मला. मूल नाही तर नाही, पण हे असं लटकत राहणं मला नको."

मी "बरं" म्हणालो. राग यायला हवा होता, भीती वाटायला हवी होती, काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. आंघोळीनंतर कानात पाणी राहिलं की सगळं लांबून ऐकू येतं ना, तसं झालं होतं. तिचं बोलणं ऐकू येत होतं आणि कंडक्टरचंही, दोन्ही सारखंच लांबून.

घरात आम्ही तिघंच. आई गेल्याला काही वर्षं झाली. बाबा उभा जन्म समुद्रात गेलेले, आता होडीवर जात नाहीत, पण सकाळी धक्क्यावर जाऊन निवडक पापलेट घेतात आणि ठरलेल्या गिऱ्हाइकांना बर्फात भरून पाठवतात. बर्फ भरावा तो त्यांनीच. खाली चुऱ्याचा जाड थर, मग मासा, मग पुन्हा थर, मधे बोटभरही पोकळी नाही. त्यांनी भरलेली पेटी मुंबईत जाऊन उघडली तरी माशाचे डोळे चकचकीत. "माझ्या हातचं कधी खराब होत नाही," हे एवढं एक वाक्य ते स्वतःबद्दल बोलतात. बाकी सगळा मौनाचा कारभार. माझ्या या भानगडीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. शेजारी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं, त्याला त्यांनीही मान डोलावली.

ऑपरेशन होऊन घरी आलो, तेव्हा त्यांनी माझ्या आंघोळीसाठी हंडाभर पाणी कडकडीत तापवलं. बायको म्हणाली, "बाबा, गरम नको. तिथं उष्णता झाली म्हणून तर कापावं लागलं. गार लागतं तिथं." हंडा हातात धरून ते तसेच उभे राहिले. तेवढ्यावरून म्हाताऱ्याने काय काय ताडलं कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी सब्जाचं सरबत, पंख्याखालची जागा मला. आणि मी कामावर जायला लागलो तशी मोटारसायकलच्या सीटवर रोज सकाळी ओलं गोणपाट! कचेरीत ओल्या पँटने फिरायची पाळी आली. एकदा खेकसलो त्यांच्यावर, "बाबा, लोक बघतात हो, काय म्हणत असतील!" दुसऱ्या दिवशी गोणपाट होतंच, फक्त जरा पिळून घातलेलं.

तीन महिने सरले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तपासणी जवळच्या लॅबमध्ये केलीत तरी चालेल. डहाणू रोडला गेलो. तिथे नमुना द्यायला खोली नाही, एकच संडास, त्याची कडी निसटती, आणि दाराबाहेर बाकावर साखर तपासायला आलेली माणसं ओळीने बसलेली. मी आत गेलो तसा रिकाम्या डबीसकट बाहेर आलो. काउंटरवरच्या बाई समंजस होत्या. खाली बघतच म्हणाल्या, "घरून आणलात तरी चालेल. पण तासाभरात पोचवा. खराब होऊ देऊ नका."

एवढंच सांगितलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबी कागदात गुंडाळून मी खोलीबाहेर आलो, तर दारापुढच्या ओट्यावर बाबा उभे. हातात त्यांची छोटी निळी पेटी, झाकण उघडं, आत दाण्यासारखा कुटलेला बर्फ. आदल्या दिवशी बायको मला विचारत होती की इतक्या लांब नेताना खराब नाही ना होणार, ते त्यांच्या कानावर गेलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आमच्या घरात जे खराब होऊ द्यायचं नाही ते बर्फात जातं. पापलेट जातं, कोलंबी जाते, आईचं इन्सुलिनसुद्धा कितीतरी वर्षं बर्फातच असायचं. त्यातून डॉक्टरही गार-गार म्हणून गेलेले. मला त्यात तिळमात्र वावगं वाटलं नाही. हाताने बर्फात खळगा केला आणि डबी ठेवली. बाबांनी वरून चुरा घातला आणि तळव्याने थापटला, जसा पापलेटवर थापटतात.

"जा," ते म्हणाले. "वाटेत उघडू नको."

लॅबबाहेर गाडी लावली, डबी काढून रुमालाने पुसली, कारण मासळीची पेटी घेऊन आत कोण जाणार! डबी काउंटरवर ठेवली आणि तसाच तलासरीला कामावर गेलो.

संध्याकाळी मोबाइलवर निकाल आला. शुक्राणूंची संख्या वाढली होती. हलणारा मात्र एकही नाही. वापीच्या डॉक्टरांना फोन केला, तर तेही बुचकळ्यात. "असं व्हायला नको होतं हो," म्हणाले. ऑपरेशन चांगलं झालंय, पण तो स्ट्रेस अजून उतरला नसेल, तो कमी करायच्या गोळ्या देतो, तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

बायकोने मोबाइल घेतला, वाचला, परत दिला. भाकऱ्या थापत होती, थापत राहिली. शेवटची भाकरी झाल्यावर तवा उतरवून म्हणाली, "मी बास म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस."

"मग बास."

दुसऱ्या दिवशी तिने बाबांना सांगितलं, "तुमची जाळी मागच्या खोलीत ठेवा, बाबा. ती खोली आता कशाला रिकामी ठेवायची?" ती खोली लग्नापासून रिकामी होती, कुणी कधी बोललं नव्हतं कशासाठी ते. बाबांनी ओट्यावरच्या ढिगाकडे बघितलं आणि म्हणाले, "तिथं दमट आहे. जाळं कुजेल." नायलॉनचं जाळं दमटाने कुजतं होय! पण वाद कोण घालणार. जाळी ओट्यावरच राहिली.

पुढचे महिने कसे गेले सांगायला फारसं काही नाही. गोळ्या आणल्या होत्या म्हणून खात राहिलो. बायकोशी बोलणं व्हायचं ते सिलिंडरचं आणि सुट्टीचं. कचेरीत एकाला मुलगा झाला, त्याने पेढे वाटले. मी दोन खाल्ले. पेढे चांगले होते, तूप बेताचं, वेलची भरपूर. बाजूचा माणूस मला निरखत होता, याला काही वाटतंय का म्हणून. काही वाटत नव्हतं, तर काय दाखवू त्याला? घरी येताना गाडी आपोआप घरी यायची, वाटेत काय लागलं ते आठवायचं नाही.

बाबांचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. धक्क्यावर जायचे बंद झाले. गुडघे दुखतात म्हणाले. गिऱ्हाइकांचे फोन यायचे, "काका, पेटी कधी?" तर हे दुसऱ्याचं नाव सांगून मोकळे. ताटात अर्धी भाकरी टाकून उठायचे. निळी पेटी पालथी करून मोरीपाशी ठेवून दिली होती. मी मनात म्हटलं, वय झालं. एकदा तर बोललोही, "बसून राहाल तर गुडघे आणखी धरतील." त्यांनी ऐकून घेतलं.

गोळ्या संपल्या. डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला, पुन्हा तपासणी करा. बायकोला विचारलं. "तुमची मर्जी," ती म्हणाली, वह्या तपासत. मनात म्हटलं, एकदाचं उरकून टाकू, मग फोन तरी यायचे थांबतील.

डबी आणायला त्याच लॅबमध्ये गेलो. माझ्या पुढे एकजण उभा होता, नजर चपलांवर. काउंटरवरच्या बाई त्याला हळू आवाजात समजावत होत्या, "डबी अंगाशी धरून आणा हं. शर्टाच्या आत, पोटाशी. गार झालं तर सगळं फुकट."

तो गेला. माझा नंबर आला.

"आणि बर्फात आणलं तर?" मी विचारलं.

बाई आधी हसल्या. "बर्फात? ते काय पापलेट आहे का, दादा?" मग माझ्या तोंडाकडे बघून हसायच्या थांबल्या. "कुणी आणलं का तसं?"

"नाही, सहज विचारलं. गार लागतं म्हणतात ना तिथं."

"तिथं, अंगावर असताना, तेही जरासं. बर्फ नव्हे! बर्फाने आखडून जातात बिचारे. मग मशिनीखाली एक हलणारा दिसायचा नाही. चांगल्या माणसाचं आणलंत तरी नाही."

बाहेर येऊन मोटारसायकलवर बसलो. सीट तापून तवा झाली होती, तरी बसून राहिलो. आणि मग राग आला, असा आला की कपाळाची शीर उडायला लागली. त्या बाईचा आला, आधी सांगायला काय झालं होतं तुला? डॉक्टरचा आला, चिकू सांगतोस आणि ही गोष्ट सांगत नाहीस? स्वतःचा आला. बाबांचा तर इतका आला की वाटेत ठरवूनच टाकलं, आज ओट्यावर उभं राहून विचारायचं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं मधे पडायला? तुमचा बर्फ, तुमची पेटी, तुमचं ते ओलं गोणपाट!

घरी आलो. बाबा जाळ्यांशी बसले होते. हातात सुई होती, पण जाळं विणत नव्हते. मला बघून उठायला गेले तर एका हाताने खांब धरावा लागला. तोंडापर्यंत आलेलं सगळं गिळलं आणि आत गेलो.

बायकोला स्वयंपाकघरात सांगितलं. ती आधी हसायला लागली. तोंडावर हात दाबून हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि मग खाली फरशीवर बसली आणि ते हसणं रडणं झालं. "अहो, इतके महिने मी मनातल्या मनात सुतक पाळलं हो," ती म्हणाली. "जन्माला न आलेल्या पोराचं." मी तिच्याजवळ बसलो. जरा वेळाने तिने ओढणीने तोंड पुसलं आणि दाराकडे बघून आवाज उतरवला.

"बाबांना यातलं काही कळता कामा नये. कळतंय?"

"कळतंय."

पण डबी घरात आलेली बाबांनी बघितली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आलो तर ते पुन्हा ओट्यावर उभे, आणि यावेळी मोठी पेटी, ज्यातून ते अख्खी ऑर्डर पाठवायचे ती. काठोकाठ बर्फ. एवढा बर्फ म्हणजे म्हातारा पहाटेच धक्क्यावर जाऊन आला होता, त्या गुडघ्यांनी. मी बायकोकडे बघितलं. तिने पुढे होऊन पेटी घेतली.

"मीच धरते, बाबा. मी पण जातेय."

डबी तोवर माझ्या बनियनच्या आत, पोटाशी, चड्डीच्या इलास्टिकमध्ये खोचलेली. बायको मागे बसली, मांडीवर ती अवजड पेटी. गावाचं वळण गेल्यावर मी म्हटलं, "ओतून टाक कुठेतरी, कशाला ओझं?" ती म्हणाली, "राहू द्या." लॅबपर्यंत तिच्या सलवारीवर पाणी ठिबकत होतं आणि माझ्या पोटाला डबी ऊबदार लागत होती.

यावेळी मी कामावर गेलो नाही. दोघंही त्या बाकावर बसलो, साखर तपासायला आलेल्या माणसांत. बऱ्याच वेळाने बाई स्वतः बाहेर आल्या आणि माझ्यापुढे वाकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "हलतायत, दादा. सगळे नाही, पण चांगले हलतायत."

बायकोने डोळे मिटून घेतले. वापीला फोन केला, तर डॉक्टर तिकडून ओरडलेच, "अरे, मस्त! आता प्रयत्न करा, उशीर नका करू." मी हो-हो म्हणत होतो. खरं सांगतो, तेव्हाही मला आतून काही हललं नाही. बरं झालं एवढं कळत होतं, वाटत नव्हतं.

घरी आलो. बाबा ओट्याच्या कडेला बसून रस्त्याकडे बघत होते.

"चांगलं आलं, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी काय चांगलं आलं ते विचारलं नाही. बायकोच्या हातातली पेटी घेतली, खाली ठेवली, झाकण काढलं आणि आत कोपरापर्यंत हात घातला.

"उरलाय," ते म्हणाले. "निम्मा उरलाय."

मग हात तसाच बर्फात ठेवून, आमच्याकडे न बघता बोलायला लागले. इतकं एका दमात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मागल्या वेळी बरफ कमी पडला, पोरा. मीच बारीक पेटी घेतली. वाटेतच पाणी झालं असणार. साऱ्या गावाचं माझ्या हातून जातं, कधी खराब झालं नाही, आणि तुझंच…" त्यांनी मूठभर बर्फ धरला आणि सोडला. "तुम्ही दोघं बोललात नाही मला, पण मला ठाऊक होतं. म्हणून धक्क्यावर गेलो नाही. कुठल्या तोंडाने लोकांची पेटी भरू?"

म्हणजे इतके महिने हा माणूस अर्धी भाकरी टाकून उठत होता, ते यासाठी.

"यावेळी पुरला, बाबा," मी म्हणालो. तिथेच जाळ्यांच्या ढिगावर बसलो आणि हमसून हमसून रडलो. आई गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो. बाबांना वाटलं, आनंदाने रडतोय. बर्फातला ओला हात त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला.

"रडतोस काय, वेड्या," ते म्हणाले. "पुढल्या वेळी पण मीच भरीन."

"भरा, बाबा," दारातून बायको म्हणाली.